अतिशीत जगातील एक मोजमाप
(विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



विज्ञान म्हटले की प्रचंड यंत्रे व अवघड समीकरणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु निसर्गाने दडवून ठेवलेली एक राशी एका तरुण इंजिनिअरने व्होल्टमीटर व अ‍ॅमीटर ह्या ओळखीच्या साधनांनी कशी मोजली, ती हकीकत मी आज आपणांस सांगणार आहे.

हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस ह्यांनी १९०८ साली हेलियम वायू द्रवरूप केला. त्याचा उत्कलनबिंदू ४.२ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस. ह्याच थंडीत १९११ साली पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाल्याचे त्यांना आढळले. ह्या गुणधर्मास अतिसंवाहकता म्हणतात. असे का होते, ह्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर व श्रीफर ह्या तिघांनी असे दाखविले की, अशा धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात व जोडी फोडण्यास ठराविक किमान ऊर्जा द्यावी लागते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत एक रिकामी जागा पडते. तिलाच ऊर्जा-अंतर, इंग्रजीत एनर्जी गॅप, म्हणतात.

हे अंतर फारच लहान असते. शिशात जोडी फोडण्यास लागणारी ऊर्जा सुमारे २.७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. आपल्या खोलीच्या तापमानातील उष्णतेची ऊर्जाच तिच्या जवळजवळ दसपट! बाजारातील गोंगाटात कुजबुज ऐकू यावी कशी? म्हणून आधी थंडी हवी. शिवाय शिसे अतिसंवाहक बनते तेच मुळी ७.२ केल्विनच्या खाली.

अवरक्त किरणांच्या शोषणावरून ह्या अंतराचा सुगावा लागला होता. पण ते थेट मीटरवर वाचण्याची युक्ती काढली इव्हार गिएव्हर ह्यांनी, १९६० साली. हे गृहस्थ मूळचे नॉर्वेचे, यांत्रिक इंजिनिअर. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत असताना ते रेन्सेलर संस्थेत पदार्थविज्ञानाच्या वर्गाला बसत. ऊर्जा-अंतर ही कल्पना त्यांनी प्रथम वर्गातच ऐकली आणि त्यांच्या मनात आले, हे आपल्याला मोजता येईल!

त्यांची कृती ऐका. काचेच्या पट्टीवर निर्वातात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवावयाचा. हवेतील ऑक्सिजनने त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्यावर आडवी शिशाची पट्टी चढवावयाची. हा पापुद्रा वीज वाहून नेत नाही; पण तो काही नॅनोमीटरच जाड असल्यास इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे निसटतात. ह्यास टनेलिंग म्हणतात. आता ही जोडणी द्रव हेलियममध्ये बुडवून विद्युत्‌दाब हळूहळू वाढवीत न्यावयाचा. शिसे अतिसंवाहक झाले की आरंभी प्रवाह फारच थोडा वाहतो, कारण इलेक्ट्रॉनांना पलीकडे रिकामी पातळीच मिळत नाही. दाब सुमारे १.४ मिलिव्होल्टच्या आसपास आला की प्रवाह झपाट्याने वाढतो. हा दाब म्हणजे टॉर्चमधील सेलच्या दाबाचा सुमारे हजारावा भाग. तोच आकडा अंतराचे माप सांगतो. चुंबकीय क्षेत्र लावून अतिसंवाहकता घालविली की आलेख पुन्हा सरळ रेषेत येतो. म्हणजे ही करामत अतिसंवाहकतेचीच, अशी खात्री पटते.

आरंभीचे प्रयत्न पापुद्रा फार जाड झाल्यामुळे फसले होते. परंतु त्यांनी हात टेकले नाहीत. १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एसाकी व जोसेफसन ह्यांच्यासमवेत ते मानकरी ठरले.

ही कथा तेथेच संपली नाही. स्फटिकात अणू नियमित रांगांत बसलेले असतात. म्हणून निरनिराळ्या दिशांना अंतर कमीजास्त आहे काय, हे त्यात तपासता येते. १९८६ साली बेडनॉर्झ व म्युलर ह्यांनी तांब्याच्या ऑक्साइडांचे नवे अतिसंवाहक शोधले. त्यांत काही दिशांना अंतर चक्क शून्य होते, असे पुढे मोजमापातून दिसून आले. २००१ साली मॅग्नेशियम डायबोराइडची अतिसंवाहकता जाहीर झाली. त्यात तर एकाच पदार्थात दोन अंतरे निघाली, एक सुमारे ७ व दुसरे २ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ३५० मिलिकेल्विनपर्यंतच्या थंडीत पातळ थर व स्फटिक ह्यांचे टनेलिंग मोजणारे सूक्ष्मदर्शक उभारण्यात आले. ह्याच संस्थेत शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहकता आढळली. ते संशोधन २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. बिस्मथमध्ये वाहक इलेक्ट्रॉन इतके विरळ की, रूढ सिद्धान्ताने ह्याचा उलगडा सहज होत नाही. १९५७ च्या उत्तराने सर्व प्रश्न मिटले नाहीत, हे ह्यावरून ध्यानी येईल.

विद्यार्थी मित्रांनो, गिएव्हर स्वतः सांगत की नॉर्वेत गणित व पदार्थविज्ञानात त्यांना ४.० असे गुण होते, म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. अमेरिकेत ४.० हा सर्वोत्तम दर्जा. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने त्यांची तारीफच केली! ह्याचा अर्थ अभ्यास करू नये, असा कृपया घेऊ नका. ज्याने विद्यार्थिदशेत पुरेसा अभ्यास केला नाही, त्यानेच तिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी सांभाळून, पुन्हा वर्गातील बाक धरला. आणि ज्ञानाचे दार त्याला तेथेच उघडले. कमी गुण पडले म्हणून विज्ञान सोडून देऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. प्रयोगशाळेच्या कपाटातील मीटर मुलांच्या हाती द्या. काटा किती सरकला हे त्यांना स्वतः वाचू द्या आणि जो आकडा आला तोच वहीत लिहू द्या, पुस्तकातला नव्हे.