नवा कारकून, जुने दप्तर



गेल्या श्रावणातील ही हकिकत आहे. रत्नागिरीजवळील एका वाडीत आमचे वडिलोपार्जित घर असून, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या त्या घरात माझे थोरले बंधू आणि वहिनी अशी दोघेच राहतात. एके सकाळी दादांनी नित्याप्रमाणे फोन हातात घेतला, तो वाय-फाय जोडले जाईना. वहिनींच्या फोनचीही तीच गत. आदल्या रात्री राउटरने आपले फर्मवेअर आपणच अद्ययावत करून घेतले होते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. वहिनींची पुण्यातील हृदयरोगतज्ज्ञांशी व्हिडिओवरून ठरलेली भेट त्याच दिवशी दुपारी चार वाजता होती, आणि मोबाइलची रेंज त्या वाडीत अंगणाच्या एका कोपऱ्यात, तीही बोलण्यापुरतीच, मिळते. अशा वेळी शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा मदतीस धावला, त्याने टाचणी घेतली आणि राउटरच्या पाठीवरील रिसेटच्या बारीक छिद्रात ती दहा सेकंद दाबून धरली. त्याच्या हेतूविषयी मला आजही कृतज्ञताच वाटते; परंतु त्या दहा सेकंदांत, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने जोडणी देताना राउटरमध्ये भरून ठेवलेले ग्राहकाचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक हे सारे पुसले गेले. त्याची नोंद घरात कोठेच नव्हती, कंपनीची कचेरी लागून आलेल्या सुट्ट्यांमुळे बंद होती, आणि वहिनींची भेट पंधरा दिवस पुढे गेली.

तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने सगळा तपशील पुन्हा भरला, आणि तरीही दादांचा फोन जोडला जाईना. तेव्हा त्याने सुरक्षेच्या पानावर जाऊन डब्ल्यूपीए-३ ऐवजी डब्ल्यूपीए-२ हा प्रकार निवडला, आणि दोन्ही फोन क्षणात जोडले गेले. वाय-फायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ साली जाहीर झालेली, आणि नव्या फर्मवेअरने तीच लागू केली होती. घरातील दोन्ही फोन तिच्या आधीचे. मूळ दोष तो एवढाच होता, आणि ज्याला दोन मिनिटे पुरती त्याला तीन दिवस लागले. दुःख याचे वाटते की या दोषाची साक्ष त्या सकाळी घरातच हजर होती. माजघरातील टीव्ही तारेने राउटरला जोडलेला आहे, आणि त्याच्यावर दादांनी लावलेले रोजचे कीर्तन त्या वेळी विनाखंड चालू होते. म्हणजे इंटरनेट घरापर्यंत येत होते, राउटर ते पुढेही देत होता. अडले होते ते केवळ हवेतून जाणारे दळणवळण. परंतु त्या साक्षीदाराची जबानी कोणी घेतलीच नाही.

फर्मवेअर हा शब्द ॲशर ऑप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात प्रथम योजला. यंत्राचा देह आणि त्यावर चालणारे बदलते कार्यक्रम या दोहोंच्या मधला, देहाला जवळजवळ चिकटून असणारा असा जो सूचनांचा थर, त्याला त्यांनी हे नाव दिले, आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत जाऊन आज राउटरपासून धुलाईयंत्रापर्यंत सर्वांच्या पोटातील स्थायी सूचनासंचास तो लावला जातो. अपडेट म्हणजे हा सूचनासंच सबंध बदलणे. मात्र आपण वेळोवेळी ठरवून दिलेल्या गोष्टी, म्हणजे वाय-फायचे नाव, पासवर्ड, चॅनल, घरातील कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, या बहुधा वेगळ्या जागी, जशाच्या तशा ठेवलेल्या असतात. कचेरीत नवा कारकून रुजू व्हावा, तो बालबोध लिपीत तरबेज असावा, आणि त्याच्यापुढे मोडीतील जुने दप्तर यावे, तसा हा प्रसंग आहे. काही अक्षरे त्याला बरोबर लागतात, काही मुळीच लागत नाहीत, आणि काही लागल्यासारखी वाटून चुकीची लागतात. या तिसऱ्या प्रकारापासूनच अपडेटनंतरचे पुष्कळसे चमत्कारिक दोष उत्पन्न होतात. कारण न लागलेल्या अक्षरापाशी कारकून थांबतो, चुकीच्या लागलेल्या अक्षरावर तो निश्चिंतपणे अंमल करतो.

मग हा कारकून बदलावाच कशाला, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल, आणि दादांनीही मला ते विचारले. २०१७ साली बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी दाखवून दिले की, तेरा वर्षे जगभर निर्धास्तपणे वापरली गेलेली डब्ल्यूपीए-२ ही पद्धतसुद्धा, तिच्या हस्तांदोलनातील, म्हणजे जोडणी जुळताना होणाऱ्या देवाणघेवाणीतील, एका उणिवेमुळे, फोडता येते. आणि त्यावरील इलाज फोनच्या व राउटरच्या सूचनासंचात दुरुस्ती करणे हाच होता. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, जर्मनीत घरोघरच्या राउटरांवर ‘मिराई’ या उपद्रवी कार्यक्रमाच्या एका आवृत्तीने हल्ला चढवला आणि सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली; तेथेही बंदोबस्त झाला तो नव्या फर्मवेअरनेच. तेव्हा अपडेट नाकारू नये, हे मी दादांना निक्षून सांगितले आणि आपणांसही सांगतो.

तपासाचा क्रम मात्र ठरलेला असावा. राउटरवरील दिवे प्रथम पाहावेत. फायबरच्या जोडणीत एल-ओ-एस अशी अक्षरे असलेला दिवा तांबडा झाला असेल, तर काचतंतूतून येणारा प्रकाशच खंडित झाला आहे. झाडाच्या फांदीने तार तुटली असेल, आणि अपडेटचा व त्याचा योग केवळ काकतालीय न्यायाचा. दिवे ठीक असतील तर एखादा संगणक तारेने जोडून पाहावा. या एका कृतीने अर्धा प्रश्न निकालात निघतो, म्हणून तिच्यावर माझा इतका भर आहे. तारेने इंटरनेट मिळाले तर दोष हवेत आहे, न मिळाले तर राउटरच्या आत किंवा त्याच्याही पलीकडे आहे.

हवेतील दोषांचे प्रकार अनेक. वाय-फायचे दोन पट्टे आपल्याकडे मुख्यत्वे वापरात आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली, आणि ५ गिगाहर्ट्झचा बराचसा भाग २०१८ साली परवान्याच्या बंधनातून मोकळा केला. पहिला पट्टा गावच्या गायरानासारखा आहे: मोकळा म्हणूनच गर्दीचा. त्यातील चॅनलांमध्ये एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच, आणि अपडेटनंतर राउटरने स्वतःच चॅनल निवडायचे ठरवून शेजाऱ्याच्याच चॅनलावर ठाण मांडले, तर पुण्यामुंबईच्या इमारतींत वेग एकाएकी मंदावतो. दुसरा पट्टा वेगवान, परंतु जांभ्याच्या भिंतीपुढे तो हतबल होतो. पुष्कळदा नवे फर्मवेअर या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन टाकते, आणि मग केवळ २.४ गिगाहर्ट्झच जाणणारा प्रिंटर किंवा भिंतीवरचा कॅमेरा दुरावतो. दोन्ही नावे पुन्हा वेगळी केली की तो बहुधा परत येतो. ५ गिगाहर्ट्झमधील काही चॅनल रडारयंत्रणांबरोबर वाटून घ्यावे लागतात, म्हणून त्यांवर काम करणारा राउटर सुरू झाल्यावर निदान मिनिटभर नुसता कानोसा घेतो, आणि त्या मिनिटात तो पट्टा फोनवर दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून राउटर पुन्हा बंद करणारा मनुष्य ते मिनिट पुन्हा आरंभापासून मोजायला लावतो.

तारेनेही इंटरनेट मिळत नसेल तर संगणकाला कोणता पत्ता मिळाला ते पाहावे. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने आपल्यापुरता एक घेतला आहे. पत्ता नीट आहे, परंतु नावाने कोणतेच स्थळ उघडत नाही आणि आकड्यांनी मात्र पोहोचता येते, असे असेल तर नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस ही यादी बिघडली आहे. सर्वांत फसवा प्रकार असा की काही स्थळे झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर अडतात. आपल्याकडील पुष्कळ जोडण्या पीपीपीओई नामक पद्धतीच्या असून, माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर तिचे वेष्टन ८ बाइट जागा घेते. म्हणून १५०० च्या मर्यादेतून १४९२ च उरतात. नव्या कारकुनाने तो आकडा पुन्हा १५०० केला, तर लहान पुडकी सुखरूप जातात आणि मोठी वाटेत अडकून पडतात. हा एक आकडा न ठाऊक असल्यामुळे धडधाकट राउटर अडगळीत गेलेले मी पाहिले आहेत, आणि मला ते बघवत नाही.

रिसेटचा मार्ग त्याज्य आहे असे मात्र नव्हे. मोडीचे दप्तर लागतच नसेल तर ते नव्या लिपीत पुन्हा लिहून काढणे हाच उपाय, आणि अशा वेळी जतन केलेली जुनी सेटिंगे जशीच्या तशी परत न भरता ती एकेक करून हाताने भरावीत. एरवी काढून टाकलेला दोषच पुन्हा आत शिरतो. परंतु त्यापूर्वी ग्राहकाचे नाव, पासवर्ड, व्हीलॅन आणि राउटरचा मॅक पत्ता एका वहीत उतरून घ्यावा. मॅक पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, आणि काही कंपन्या जोडणी त्याच्याशीच बांधून ठेवतात. आणि अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नये. सूचना अर्धवट लिहिल्या गेल्या तर ज्या राउटरात जुनी प्रत राखून ठेवण्याची सोय नाही तो पुन्हा उठत नाही, आणि कोकणातल्या पावसात विजेचा भरवसा तो किती! राउटरला इन्व्हर्टरवर जागा दिली की ही चिंता मिटते.

दादांनी आता एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर जोडणीचा तपशील, आणि पुढे तारीखवार, काय बदलले आणि त्यानंतर काय घडले, एवढेच. ती देवघराच्या फडताळात पंचांगाशेजारी असते. कार्तिकात राउटरने पुन्हा रात्री आपले फर्मवेअर बदलले, आणि सकाळी अंगणाच्या त्या कोपऱ्यातून दादांचा मला फोन आला. “माजघरात कीर्तन चालू आहे,” ते म्हणाले, “माझा फोन मात्र जोडला जात नाही. सुरक्षेचा प्रकार पुन्हा तीनवर गेलेला दिसतो. तू धर जरा, मी आत जाऊन बघतो.”