कुंडीतल्या नांद्रुकाचे दुखणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या पणत्या-खापरपणत्या आज गावोगाव नांदत आहेत. अशा व्यासपीठावर कुंडीतल्या एका आजारी झाडाविषयी बोलण्यास उभे राहावे, हे पुष्कळांना पोरकट वाटेल. कालच्या वक्त्यांनी आपल्याला राज्यघटनेत नेले. मी आपल्याला फार तर माझ्या गॅलरीपर्यंत नेऊ शकेन. झाड मी बरोबर आणले आहे. हे टेबलावर आहे ते.

हा नांद्रुक. वडाच्या कुळातला, वडापेक्षा पानाने लहान. रोपवाटिकेत त्याला नुसते ‘फायकस’ म्हणतात. याचे वय चोवीस आहे आणि उंची दीड वीत. बोन्साय, अथवा आपल्याकडचे लोक म्हणतात तसा वामनवृक्ष. तो माझा नव्हे. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका आजोबांचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारची जुनी इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली. भाईंदरमध्ये ही कथा कोणास नवी नाही. आजोबा मुलीकडे बंगळूरला निघाले. आजींनी लावलेले झाड. आजी गेल्या, झाड राहिले. जाताना त्यांनी ते माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “मास्तर, याला फार काही लागत नाही. सांभाळा.”

मी सांभाळले, म्हणजे काय केले ते ऐका. सकाळी पाणी घातले, संध्याकाळी पाणी घातले. खाली बशी ठेवली, म्हणजे फरशी खराब होऊ नये. पंधरा दिवसांनी पाने पिवळी पडू लागली, तेव्हा उपाशी असेल म्हणून खत घातले. पाने गळू लागली, तेव्हा ऊन कमी पडत असेल म्हणून पश्चिमेच्या कठड्यावर, एप्रिलच्या दुपारी, तापल्या लाद्यांवर नेऊन ठेवले. आणि रविवारी बंगळूरहून फोन आला, “झाड कसे आहे?” तेव्हा मी म्हणालो, “छान आहे.” पुढच्या रविवारीही तेच म्हणालो. त्या वेळी झाडावर अकरा पाने होती.

आजारी झाडापाशी माणसाचा पहिला दोष हाच, की तो लगेच काहीतरी करू लागतो. करण्यापूर्वी पाहावे. झाड जिवंत आहे की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. डहाळीच्या टोकाशी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे आणि ओले दिसले तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर ती डहाळी गेली. मग थोडे खाली यावे, पुन्हा खरवडावे, असे खोडापर्यंत. वड, पिंपळ, नांद्रुक यांची सोय अशी, की जिवंत जागी पांढरा चीकही येतो. आमच्या रोग्याच्या तीन फांद्यांपैकी दोन वाळल्या होत्या. खोड हिरवे होते.

त्यानंतर कुंडीतून काढून मुळे पाहिली. पाहण्याआधी वास आला, गटारासारखा. मुळे काळी, बोटाने दाबताच सालपट सुटून हातात येणारी. तहानेने झाड मरत नव्हते, बुडून मरत होते. मुळांनाही श्वास लागतो. ओल्या गच्च मातीत हवा राहत नाही, मूळ कुजते, आणि कुजलेले मूळ पाणी ओढीत नाही म्हणून वरची पाने तहानेलेली दिसतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो. माझे बिंग हे होते.

येथे एक साधा प्रयोग सांगतो, घरी जाऊन करून पाहा. भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. पसरट भांड्यात माती आडव्या स्पंजासारखी असते, तळाचे पाणी अडकून बसते. म्हणून बोन्सायच्या देखण्या उथळ तबकाला आपली लाल माती चालत नाही. विटांचा चुरा घ्यावा, मुगाच्या दाण्याएवढा, त्यातली धूळ चाळून टाकावी. त्यात जाडी वाळू, थोडा कोळसा, आणि मूठभर जुने कुजलेले शेणखत. आजारी झाडाला तेवढेही खत नको. मी सगळी काळी मुळे धारदार कात्रीने कापली, तबक माळ्यावर टाकले, आणि झाड विटांच्या चुऱ्यात, एका साध्या खोल मातीच्या कुंडीत लावले. रोग्याला जरीचा सदरा कशाला?

मग सावली. उत्तरेच्या खिडकीत, वाऱ्यापासून आडोशाला, वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घालून, म्हणजे आत ओल धरते. उन्हात मात्र ही पिशवी घालू नये, आत झाड शिजते. पाणी वेळापत्रकाने नाही. चुऱ्यात बोट खुपसून, कोरडे लागले तरच, आणि घातले तर तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. बशी काढून टाकली. तशीही ती पावसाळ्यात डासांचे पाळणाघर होते. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात टँकर आणि कूपनलिका यांच्यावर दिवस काढावे लागतात. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे पाहिली, त्या गावाच्या जमिनीतले पाणी खारट लागले तर नवल नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला, की ओळखावे. त्याला औषध पावसाचे. जूनच्या सरींत कुंडी दोन-तीनदा चांगली धुऊन निघू द्यावी.

आपण म्हणाल, ही जपानी विद्या, तिकडचे ग्रंथ पाहावेत. ग्रंथ जरूर पाहावेत, पण तिकडचे झाड इकडे आणू नये. जुनिपर आणि पाइन यांना हिवाळ्याची झोप लागते. भाईंदरच्या जानेवारीत आपल्यालाच धड स्वेटर काढता येत नाही. त्या बिचाऱ्यांना झोप कुठली? ती दीड-दोन वर्षे कुढतात आणि जातात, आणि त्यात मालकाचा दोष थोडा असतो. आपल्या हवेला वड, उंबर, चिंच, नांद्रुक ही झाडे धरून चालावे. जुन्या इमारतींच्या पन्हळींतून पिंपळाची रोपे उगवतात, रंगाऱ्याबरोबर त्यांच्यावर अ‍ॅसिड ओतले जाते. त्यातले एखादे मुळासकट वाचवले, तर विकत घेण्याची गरजही नाही.

झाडाला असे खुजे ठेवणे हा छळ नव्हे काय, असे मला नेहमी विचारतात. शंका खोटी नाही. तारेने आवळून, पाणी तोडून झाड वाढू न देणारे लोक मी पाहिले आहेत. तो छळच आहे. पण नीट पोसलेल्या बोन्सायचे आयुष्य पाहा. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा एक पाइन १६२५ पासून जोपासला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटाच्या जागेपासून तीनेक किलोमीटरांवर, वाडीच्या भिंतीआड उभा होता. वाचला. १९७६ साली मासारू यामाकींनी तो अमेरिकेला, होय अमेरिकेला, भेट दिला, आणि त्या झाडाने काय सोसले हे वॉशिंग्टनकरांना कळले ते २००१ साली, यामाकींचे नातू झाड पाहायला गेले तेव्हा. छळलेले झाड इतके जगत नाही.

असो. आमच्या रोग्याकडे येतो. मे सरला, काही नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, तरी काही नाही. उरल्या पानांतली आणखी चार गळली. मी वाळक्या दोन फांद्या कापल्या नव्हत्या, आणि त्या न कापल्याबद्दल आज मला बरे वाटते, कारण जुलैत खोडाच्या एका जुन्या गाठीपाशी तांबूस, सुईच्या अग्राएवढे टोक दिसले. पुढच्या आठवड्यात तशी पाच. त्या रविवारी मी फोनवर आजोबांना पहिल्यापासून सगळे सांगितले. बशी, खत, कठडा, आणि माझे दोन खोटे रविवार. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “हिनेही पहिल्या वर्षी बशी ठेवली होती.”

ही उजवीकडची फांदी त्या पाचांपैकी एका कोंबाची. वाळक्या दोहोंपैकी एक पुढे कापली, दुसरी अजून आहे. दिसायला वाईट दिसते, पण आजोबा काप म्हणेपर्यंत राहील. यंदाच्या पावसात मी हिच्या चार-सहा काटक्या ओल्या वाळूत लावणार आहे. नांद्रुकाच्या जून काटकीला पावसाळ्यात मुळे सहज धरतात. पहिली बंगळूरला जाईल. बाकीच्यांना ज्यांना जागा असेल, त्यांनी गणपतीनंतर माझ्याकडे यावे. येताना कुंडी आणावी, बशी आणू नये.