घोडशीर सोनोग्राफीच्या पडद्यावर

टाचेच्या वर, मागच्या बाजूला बोटांच्या चिमटीत जी ताठ दोरी सापडते, ती घोडशीर. डॉक्टरांच्या भाषेत अकिलीस कंडरा. सोनोग्राफीत ती समांतर, पांढुरक्या रेघांच्या पट्ट्यासारखी दिसते. पण प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, जरा तिरका झाला, की निरोगी कंडराही काळवंडते! त्यामुळे खेळाडू आणि बैठं काम करणारे यांची तुलना नुसत्या नजरेने करणं धोक्याचं.

इथे संगणक कामाला येतो. प्रत्येक ठिपक्याची उजळता तो 0 ते 255 या आकड्यांत मोजतो. नेदरलँड्समध्ये घोड्यांच्या पायांसाठी विकसित झालेल्या एका तंत्रात मोटरवर सरकणारा प्रोब 12 सेंटिमीटरच्या टप्प्यात 600 छेद टिपतो. नीट रचलेले तंतू हिरवे, जरा विस्कटलेले निळे, बिघडलेले लाल किंवा काळे रंगवले जातात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंच्या कंडरांत सामन्यानंतरचे बदल याच पद्धतीने तपासले गेले.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये वेगळीच युक्ती केली. तलवारबाज आणि बॅडमिंटनपटू एकच पाय सतत पुढे टाकतात; मग त्यांच्याच दोन पायांची तुलना का करू नये? वय तेच, आहार तोच. जाडी एमआरआयने, तर कंडरा किती ताणली जाते हे सोनोग्राफीने मोजलं. पुढच्या पायाची गुडघ्याखालची कंडरा अधिक जाड आणि ताठ निघाली.

मात्र जाड किंवा डागाळलेली म्हणजे आजारी नव्हे. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या अनेकांच्या याच कंडरेच्या चित्रात काळे डाग दिसतात, गुडघा मात्र मुळीच दुखत नसतो.