टायर फुटलं, हे कुणी ठरवलं?

आज बचतीचा हिशेब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज रस्त्यावरच्या अपघाताबद्दल बोलायचं आहे, आणि त्यानंतर पोलीस कागदावर जे लिहितात त्याबद्दल.

१ जुलै २०२३ ची रात्र आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. २५ जण गेले. काच फोडून बाहेर पडले ते मोजकेच वाचले. देह ओळखू येत नव्हते म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्रच अंत्यसंस्कार झाले.

आता नीट ऐका. सकाळी पहिली बातमी आली ती टायर फुटल्याची. तसं सांगितलं होतं बसच्या चालकानं, जो स्वतः वाचला होता, आणि पोलिसांनी त्याच्या हवाल्यानं तेच पुढं सांगितलं. मग आरटीओची माणसं जागेवर गेली. रस्त्यावर फुटलेल्या टायरचे तुकडे नाहीत, खुणा नाहीत, म्हणजे टायर फुटल्याचा पुरावा नाही, असा त्यांचा अहवाल आला. पुढं अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीत चालकाच्या रक्तात मद्याचा अंश सापडल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे सकाळची गोष्ट वेगळी आणि तपासातली वेगळी. आरटीओनं रस्ता पाहिलाच नसता आणि रक्त घेतलंच नसतं, तर आजही आपण ‘टायर फुटलं, नशीब फुटलं’ एवढंच म्हणत बसलो असतो.

ही तर देशभर गाजलेली घटना, मंत्री धावून आले, कॅमेरे आले. पण सोयाबीन सोंगायला पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून जाणारी आपली बाई रस्त्यात गेली, तर तिथं कोणता कॅमेरा येणार? ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ लोखंडाच्या सळ्यांनी भरलेला टिप्पर उलटला. त्यावर मजूर बसलेले होते, १३ जण दबून गेले. सळ्यांवर माणसं बसवून गाडी रस्त्यानं चालली होती, ती कुणालाच दिसली नसेल का? हा प्रश्न मला अजून छळतो.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंचं सांगते. नवरा मोटारसायकलवर बाजारातून येत होता, मागून गाडीनं उडवलं. ताई दवाखान्यात रडत बसलेल्या, आणि तिथंच कुणीतरी कागदावर अंगठा घेतला. चार महिन्यांनी वकिलाकडं गेल्यावर कळलं की कागदात लिहिलंय, ‘स्वतःचा ताबा सुटून पडला.’ मागच्या गाडीचं नावही नाही. एका ओळीनं आरोपीही गेला आणि भरपाईचा रस्ताही अवघड झाला. ते ठाणं कोणतं, हे इथं सांगत नाही. पण अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायला पाच मिनिटं लागली असती.

आणि ते वाचून दाखवणं पोलिसांच्या मर्जीवर नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. (तारीख बघा, पिंपळखुट्याच्या बरोबर एक वर्षानं.) तुम्ही तोंडी सांगितलेली फिर्याद पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मगच सही किंवा अंगठा, आणि एक प्रत फुकट द्यायची. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ठाणेदारांनी नोंदच घेतली नाही तर लेखी अर्ज एसपी साहेबांकडं पोस्टानं पाठवायचा, तिथंही काही झालं नाही तर न्यायालयात दंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. निष्काळजीपणानं जीव घेतला तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत आहे. पण पहिल्या कागदावर ‘स्वतः पडला’ असं आलं की ते कलम लागणार कुणाला?

अपघाताच्या केसमध्ये पोलिसांना आणखी एक वेळापत्रक आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणं तपास अधिकाऱ्यानं पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं द्यायचा. तुमचे हक्क काय, हे सांगणारा फॉर्म दहा दिवसांत तुमच्या घरी पोचला पाहिजे. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तेव्हा ठाण्यात गेल्यावर ‘साहेब, काही करा ना’ असं म्हणू नका. ‘पहिला अहवाल कोर्टात कोणत्या तारखेला गेला?’ असं विचारा. तारीख विचारली की समोरचा माणूस रजिस्टर उघडतो, हा माझा अनुभव आहे.

रक्ताचं पण लक्षात ठेवा. दारू प्यायल्याच्या संशयावरून चालकाला धरलं, तर दोन तासांत त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं की गुन्हा. जितका उशीर तितकी दारू रक्तातून उतरते. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलानं भरधाव पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना चिरडलं. वरिष्ठांना वेळेवर कळवलं नाही म्हणून येरवडा ठाण्यातल्या दोन अधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं, आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तिथं लोक पेटून उठले म्हणून ते बाहेर आलं. आपल्या गावात उठायला आपणच आहोत, बाई. चालक पकडला गेला असेल तर गावातल्या दोघांनी ठाण्यात जाऊन विचारावं, रक्त घेतलं का, किती वाजता?

सगळेच पोलीस वाईट, असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता जळत्या गाडीपाशी पहिल्यांदा तेच जातात, आणि एका ठाण्याला किती गावं असतात हे तुम्हाला माहीत आहे. पण कमी माणसं आहेत म्हणून चुकीचं लिहायची सूट नाही. लाच मागितली, अधिकाराचा गैरवापर केला तर राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. तो लांबचा रस्ता आहे, आधी एसपी कार्यालय.

पैशाचं थोडक्यात. दाव्यासाठी कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून तेरवी झाली की लागा. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाखांचा दावा करता येतो. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून दोन लाख, त्याची चौकशी तहसीलमध्ये करा. आणि बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. ‘निम्मे माझे’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

एक अजून. कागद भासऱ्याकडं किंवा दिराकडं ठेवू नका. फिर्यादीची प्रत, पंचनामा, पोस्टमार्टमचा कागद, सगळ्यांच्या दोन झेरॉक्स काढा. एक तुमच्या पेटीत, एक गटाच्या फाइलमध्ये. आमच्या ग्रामसंघानं ठरवलं आहे की अपघात झाला की त्याच दिवशी दोन बायका त्या घरासोबत ठाण्यात जातील, त्यातली एक वाचणारी असेल. तिनं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, आणि गाडीचा नंबर त्यात आला की नाही ते बघूनच अंगठा द्यायचा.

पुढच्या बैठकीत येताना तुमच्या ठाण्याचा आणि एसपी कार्यालयाचा फोन नंबर लिहून आणा. गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवू.