डाग दिसला का?

वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. वस्तू मुळात पाक असते. चादर, घागर, चटई, बाजारातून आणलेलं कापड, सगळं पाकच. नजासत, म्हणजे नापाक घाण, लागल्याची खात्री होईपर्यंत. वाण्याच्या वहीसारखं आहे हे. वहीत नोंद नाही तर उधारी नाही. ‘मागच्या महिन्यात काही नेलं असेल बहुतेक’ म्हणून कुणी गल्ल्यावर पैसे ठेवून येत नाही. नोंद असली तर मात्र फेडायचीच: कपड्याला लघवी लागल्याचं नक्की माहीत असेल तर तो धुवायचाच, तिथे आळस नको. पण नोंदीवर एकदा काट मारली की त्याच उधारीचे पैसे पुन्हा भरायचे नाहीत. आणि किरकोळ रक्कम वाणी सोडूनही देतो. हनफी फिकहात दिरहमच्या नाण्याहून कमी जागेवरच्या नजासतीने नमाज मोडत नाही, धुणं चांगलं एवढंच.

खात्रीशिवाय नापाक मानायचं नाही, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. नमाजात वजू मोडल्याची नुसती शंका आली तर आवाज किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नका, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त हजरत उमर यांच्या प्रवासाची हकीकत येते. एका हौदापाशी सोबतच्या अम्र बिन आस यांनी मालकाला विचारलं, इथे जंगली जनावरं पाणी प्यायला येतात का? उमर यांनी मालकाला सांगितलं, आम्हाला हे सांगूच नका. चौकशी करून नापाकी शोधून काढायची नाही, हे लक्षात घ्या. पुढे 1876 मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानी कायदेसंहितेतही, म्हणजे ‘मजल्ला’त, शंकेने खात्री ढळत नाही, हे तत्त्व चौथ्या कलमात बसलं.

कुणी म्हणेल, जास्त धुतलं तर बिघडलं काय, आणि संशयाचं ते सोडा अशीही हदीस आहेच. आहे. पण संशयालाही काही आधार लागतो. बिनआधाराचा तो वसवसा, आणि इमाम गझालींसारख्यांनी त्याला दीनदारी मानलेलं नाही. मशिदीत बदूने लघवी केली तेव्हा प्रेषितांनी तिथे बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, जमीन उकरायला नव्हे. ते स्वतः एक मुद, म्हणजे फार तर लिटरभर पाण्यात वजू करत. आपण नळ सोडून एकच चादर तिसऱ्यांदा पिळतो आणि त्याला तकवा म्हणतो! पुन्हा सांगतो, नोंद नाही तर उधारी नाही.

कुत्र्याबद्दल नेहमी विचारलं जातं. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुण्याची हदीस खरी, कोकणातली शाफई घरं ती काटेकोर पाळतात, मालिकी मात्र कुत्र्याला नापाक मानत नाहीत. त्याची कारणं सांगायला आज वेळ नाही. पण कोरडं कुत्रं कोरड्या चटईला घासून गेलं, तर शाफईंकडेही चटई धुवावी लागत नाही.