भट्टी आणि तिचे मालक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या गावात कोणाला पत्ता विचारला, तर अजूनही 'भट्टीच्या अलीकडे' किंवा 'भट्टीच्या पलीकडे' असंच उत्तर मिळतं. गाव वैनगंगेच्या काठाचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. नदी ओलांडली की गडचिरोली. लहानपणी मला प्रश्न पडे, दारूच्या या दुकानाला भट्टी का म्हणतात? तिथं ना चूल होती, ना धूर. एक कौलारू खोली, गजांची खिडकी आणि आत गद्दीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ. कलार समाजाचे. सारं गाव त्यांना दादाजी म्हणे, मीही म्हणत असे.

आज या भट्टीचा आणि तिच्या मालकांचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मुसलमानाच्या पोराला हा विषय कुठून सुचला? त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. भट्टीच्या अगदी समोर माझ्या अब्बांचा ठेला होता. फुटाणे, उकडलेली अंडी, विड्या. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. दारूचा पैसा मात्र रोज आला.

आधी जुनी गोष्ट सांगतो. दारू होती तेव्हा दुकान नव्हतं. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेलं फूल पुढे कित्येक महिने पुरतं. ते भाजून खातात, उकडून खातात. फळातल्या बीला आमच्याकडे टोळी म्हणतात, तिचं तेल निघतं. आणि फूल भिजवून आंबवलं की सडवा होतो, त्याची दारू गाळतात. गोंड-माडियांच्या घरी जन्म, लग्न, मयत, देवकार्य यांना ती लागते. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावानं. भामरागडकडे गोरग्याचा रस, सिरोंच्याकडे ताडी. घरची वस्तू घरच्या कामाला. तिचा मालक कोणीच नव्हता, किंवा सगळेच होते.

विकण्यासाठी गाळणारा तो कलार. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. कलार स्वतःला सहस्रार्जुनाचे, हैहय कुळाचे वंशज मानतात. दादाजी हे मोठ्या अभिमानानं सांगत आणि वर हसून म्हणत, "राज्य गेलं बाबू, पण गद्दी काही सुटली नाही!"

१८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यांनी अबकारी बसवली. गावोगावच्या दुकानांचे लिलाव होऊ लागले. ज्याची बोली मोठी, तो मालक. दादाजींच्या आजोबांनी असाच ठेका घेतला होता. तेव्हा दुकानामागे खरोखरीची भट्टी होती. मागे दारू गाळायची, पुढे विकायची. पुढे गाळण्याचं काम मोठ्या कारखान्यांकडे गेलं आणि गावात नुसती विक्री उरली. भट्टी गेली, नाव राहिलं. लहानपणच्या माझ्या प्रश्नाचं हे उत्तर.

पण लिलावानं एक गोष्ट कायमची करून ठेवली. जेवढी बोली चढली, तेवढी रक्कम गिऱ्हाइकाच्या खिशातून निघाली पाहिजे. म्हणून उधारीची वही आली, धान्यावर दारू आली. गद्दीवर बसलेला कोणी असो, सगळ्यात मोठा वाटेकरी सरकार होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला, पुढे तो विदर्भालाही लागू झाला. मोहाच्या फुलावरही त्यात बंधनं आली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले. परवान्याच्या दुकानात मळीची बाटलीबंद दारू मिळू लागली. म्हणजे बघा, आपल्या जंगलातल्या फुलाची दारू गाळली तर गुन्हा, आणि परमुलखातल्या उसाच्या मळीची प्यायली तर सरकारला महसूल!

आमच्या भट्टीचा परवाना शहरातल्या एका शेठजींच्या नावावर होता. मी त्यांना जन्मात पाहिलं नाही. दादाजी महिन्याच्या पगारावर होते. आजोबांच्या गद्दीवर नातू नोकर म्हणून बसला होता. तरी त्यांचे काही नियम होते. शाळेच्या पोराला बाटली आणायला पाठवलं, तर देत नसत. मजुरीच्या दिवशी कोणाची बायको खिडकीशी येऊन उभी राहिली, तर नवऱ्याला म्हणत, "आधी घरी जा." तो घरी जाई आणि तासाभरानं परत येई. मग दादाजी निमूट बाटली काढून देत.

१९९०चं साल असेल. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नदीपलीकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं दारूमुक्तीची चळवळ उभी राहत होती, तिचं वारं आमच्याकडेही आलं होतं. एका संध्याकाळी मोहल्ल्यामागची एक बाई ठेल्यापाशी आली. तिचा नवरा आमचा रोजचा गिऱ्हाईक. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाई, भट्टी तं सरकारची हाये. पन हे फुटाने तं तुमचे हायेत ना?"

अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेला ढकलत एसटी स्टँडवर नेला. कमाई निम्म्यावर आली. अम्मीनं कारण विचारलं, तर म्हणाले, "तिकडे सावली चांगली आहे." एसटी स्टँडवर झाड नव्हतं.

त्याच वर्षी माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे जमेनात. दादाजींना कुठून कळलं कोण जाणे. त्यांनी मला बोलावून शंभराची नोट हातात ठेवली. गद्दीखालच्या पेटीतली. ती घेऊ नये, हे मला कळत होतं. मी घेतली. अब्बांना सांगितलं ते निकाल लागल्यावर. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "परत करून ये." पहिल्या शिकवणीच्या पैशातून मी ती परत केली. दादाजी मोठ्यानं हसले. "पिऊन बुडवणारे जन्मभर पाहिले. न पिता फेडणारा तू पहिलाच."

१९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. लोकांच्या मागणीतून आलेली ही बंदी. पण तिकडची तहान आमच्या काठाला आली. नावेतून, पुलावरून, सायकलवरून माणसं येऊ लागली आणि भट्टीवर जत्रा भरू लागली. वर्षभरात दादाजींनी गद्दी सोडली. म्हणाले, "आता गिऱ्हाईक ओळखीचं राहिलं नाही. घरी जा म्हणायचं तरी कोणाला?" त्यानंतर गद्दीवर कोण बसलं, त्यांची नावं गावाला ठाऊक नाहीत. मजबूत गज, मोठं कुलूप आणि दर सहा महिन्यांनी नवा माणूस.

पुढचं तुम्ही जाणताच. डिसेंबर २०१०मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत चिमूरहून नागपूरपर्यंत बाया पायी चालत गेल्या. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. १ एप्रिल २०१५पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. भट्टीला टाळं लागलं, बायांनी गुलाल उधळला. मग मोटारसायकलवरून चोरटा माल येऊ लागला. आता मालकाला चेहराच नव्हता. २०२१ साली बंदी उठली. त्याच वर्षी मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंधही सरकारनं हटवले.

बंदी चांगली की वाईट, यावर हुशार माणसं पुष्कळ बोलतात. मला एवढंच दिसतं, की भट्टीचे मालक बदलत गेले, पण दुकान असावं की नसावं हे त्या दुकानाची झळ सोसणारीला फार उशिरा विचारलं गेलं. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला हा अधिकार दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं सर्वांनी मिळून, बोलून, दारूबाबत स्वतःचा नियम केला. इतर गावांसाठी 'आडवी बाटली'चं मतदान आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद होतं. आमच्या गावात ते मतदान अजून झालेलं नाही. बाया सह्या गोळा करताहेत. त्यांच्यात त्या बाईची सूनही आहे.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. अब्बा नाहीत, दादाजी नाहीत. भट्टी सुरू आहे. समोर, अब्बांच्याच जागेवर, एक पोरगा फुटाण्यांचा ठेला लावून बसला होता. मांडीवर पुस्तक. विचारलं, तर म्हणाला, बीएच्या पहिल्या वर्षाला आहे.

"चने देऊ का, काका?"

त्या बाईचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणण्याचा हक्क तिचा होता. मी दहा रुपयांचे फुटाणे घेतले आणि त्याला एवढंच सांगितलं, की स्टँडवर आता झाड मोठं झालंय, सावली चांगली आहे.