शौच तपासणीची लाज कशाला?



आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. परंतु विषय घराघरातला असल्याने चार शब्द बोलतो.

आपला माण तालुका दुष्काळी. उन्हाळ्यात माणगंगेचे पात्र कोरडे पडते, विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी जुलाबाची साथ लवकर पसरते. आपण दुकानातून गोळी आणून मोकळे होतो. डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली, की मात्र संकोच वाटतो. रक्त, लघवी बिनदिक्कत देणारी माणसे येथे मागे हटतात.

जुलाब हे लक्षण आहे, कारणे निरनिराळी. रोटाव्हायरससारखे विषाणू, पटकीचे जंतू, रक्ती हगवणीचे शिगेला जंतू, आमांशाचा अमीबा. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. अमीबाचे औषध वेगळे, शिगेलाचे वेगळे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी, तांबड्या पेशी, अमीबा, जंतांची अंडी पाहतात. नेमका जंतू ओळखण्यासाठी कल्चर करतात. त्यास दोन-तीन दिवस लागतात.

या तपासणीचे मोल पुण्याने पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये तेथे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. बरेच जण सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यातले होते. अनेकांना आधी जुलाब झाले होते. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. दूषित पाण्याच्या संशयाला त्यामुळे आधार मिळाला. म्हणजे एका घराचा नमुना साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडतो.

प्रत्येक जुलाबाला तपासणी लागत नाही. आधी अंगातले पाणी सांभाळावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. परंतु शौचातून रक्त पडले, ताप चढला, जुलाब दोन आठवडे लांबले, किंवा एकाच आळीत अनेकांना एकदम लागण झाली, तर डॉक्टरांना गाठून तपासणीबद्दल अवश्य विचारावे.

नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत द्यावा. त्यात लघवी वा पाणी मिसळू देऊ नये. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यावा व एक-दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. अमीबा एकदा सापडला नाही म्हणजे नाहीच, असे नव्हे. डॉक्टर निरनिराळ्या दिवसांचे तीन नमुने मागू शकतात.

विद्यार्थी मित्रहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना हे तुम्हीच समजावू शकता. आळीत साथ दिसली तर सरकारी दवाखान्यात कळवा; रुग्णांबरोबर पाण्याचीही तपासणी मागा. लाजेपोटी लपवलेला आजार शेजाऱ्याच्या लेकराला गाठतो, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.